एक एन जादा

पानामागे अकरा पेन्स, कार्बन कॉपीचे वेगळे दोन.
हा आमचा पहिला व्यवहार, हेस्टर ब्रॉकलबँकचा आणि माझा,
ग्रिम्झबीत, गोदीकडे उतरणाऱ्या गल्लीत.
खाली माशांच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान,
वर ती, एक आंधळं मांजर
आणि न छापलेली अडीच पुस्तकं.

आंबर्डेकर तिच्या जिभेवर कधी बसलं नाही.
मिसेस अँबर म्हणायची. मीही ओ द्यायचे.

लिहायची वडिलांच्या लिलावाच्या चोपड्यांत.
एका बाजूला हॅडॉक किती, कॉड किती, कुणाकडे किती थकलं,
उलट बाजूला कादंबरी.
पुढे लंडनात कुणीसं लिहिलं,
हिच्या गद्यात समुद्राचं मीठ आहे.
मी मालवणकडची. मला ठाऊक होतं मीठ कुठलं ते.
पानं कोपऱ्यांना चिकट असायची.

अक्षर म्हणाल तर कोंबडीनं परसू उकरल्यासारखं.
सहा शब्द खोडून सातवा, मग सातवाही खोडून
पहिल्याखाली तीन टिंबं:
म्हणजे हाच राहू दे.
त्या टिंबांवरून मी जेवढं इंग्रजी शिकले
तेवढं शाळेत नाही.

गाव तिच्यावर रुसलेलं.
तिसऱ्या पुस्तकात बेकरीवालीनं स्वतःला ओळखलं,
तेव्हापासून हिच्या पिशवीत कालचा पाव.
ती तो भाजून खायची आणि म्हणायची,
बरोबर आहे तिचं, मीही तिचं शिळंच वापरलं.

चौथ्या कादंबरीच्या वेळी हे गेले.
कोल्ड स्टोरेजची रात्रपाळी, छातीत कळ,
आणि सकाळी फॅक्टरीतला माणूस दारात, टोपी हातात धरून.
सहाव्या दिवशी हेस्टर आली,
उकडलेले बटाटे घेऊन, मीठ विसरून.
हस्तलिखित आणलं नव्हतं. ते पडून राहील, म्हणाली.
नवव्या दिवशी मीच गेले.
बोटांना काहीतरी हवं होतं.

प्रकरण चौदा. तिची ओळ अशी:
ती जन्मभर विडोच राहिली.
माझ्या मशीनवर एक एन जादा पडला.
ती जन्मभर विंडोच राहिली.
विधवेची खिडकी झाली. कार्बनवरही तीच.

प्रुफं आली तेव्हा तिनं मला बोलावून घेतलं.
लाल पेन्सिल त्या ओळीवर बराच वेळ नुसती धरून.
मी म्हटलं, चूक माझी, ह्या पानाचे पैसे नकोत.
ती काही बोलली नाही.
माझ्याकडे पाहिलं, आणि एनच्या खाली
तीन टिंबं दिली.

मग बक्षीस. अमेरिकेतली आवृत्ती.
बेकरीवालीनं काउंटरमागे तिचं कात्रण लावलं
आणि पाव ताजा झाला.
मग त्या खिडकीवर प्रबंध आले:
आरपार आयुष्य, कुणीही डोकवावं असं, वगैरे.
लायब्ररीत बसून दोन वाचले मी.
एकाला तळटीपा एकशे बारा.
हेस्टर पाय टबात सोडून हसली,
आणि खोकला लागेतो हसत राहिली.

परवा तिच्या घरावर निळी पाटी लावली.
दुकान आता कुत्र्यांचे केस कापणाऱ्यांचं.
वारा असा की प्राध्यापकांचा कागद उडाला,
तरी ते खिडकीवर आलेच.
मागून कुणी विचारलं, तुम्ही ओळखत होता त्यांना?
टाइप करायचे, म्हटलं.
म्हणजे ती ओळसुद्धा?
हो. पानामागे अकरा पेन्स.

घरी येऊन हॅडॉकचं कालवण टाकलं, तिरफळं घालून.
बांगड्याची सर नाही, पण पन्नास वर्षांत
जिभेनं मान्य केलंय.

चूक होती का, असं मला अजून कुणीच विचारलेलं नाही.
एन खालच्या ओळीत असतो, उजव्या तर्जनीखाली.
आयनंतर तिला तिथे मुद्दाम उतरावं लागतं.
आपोआप नाही उतरत.